नित्यनेमाचे गायक : पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

बिरसी गावाच्या माथ्यावर लहान लहान विमाने घिरट्या घालताना आपण सर्वांनीच पाहिली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रज सरकारने येथे जी धावपट्टी बांधली, तिच्यावर पुढे होतकरू वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले. शिकाऊ मुलगा विमान वर नेतो, शेतांवरून वळसा घालतो, धावपट्टीस चाके टेकवतो आणि न थांबता पुन्हा वर जातो. एकदा झाले, दोनदा झाले, दहादा झाले, तरी त्याचे तेच चालू असते. तो कोणा प्रवाशास कोठे पोहोचवीत नाही. मग हा खटाटोप कशासाठी, असे धानाच्या बांधीत वाकलेल्या माणसास वाटल्यास नवल नाही. परंतु ज्या दिवशी त्याच्या पाठीमागे शंभर माणसे बसतील आणि समोर धुके दाटलेले असेल, त्या दिवशी ह्या निरर्थक भासणाऱ्या घिरट्याच त्यास तारणार आहेत.

गायक, नट, कीर्तनकार, वादक ह्यांची गोष्टही हीच आहे. आपल्या ह्या झाडीपट्टीत कलेची आवड कोणास नाही? दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, दंडारी निघतात, रात्र रात्र नाटके होतात. आपल्या ज्ञातीतील कितीतरी तरुण त्यांत हौसेने भाग घेतात आणि त्यांतील काहींच्या मनात मोठा कलावंत होण्याची इच्छाही असते. इच्छा पुष्कळांजवळ असते. नेम थोड्यांजवळ असतो. हा नेम म्हणजे काय, आणि तो माणसास कोठवर नेतो, हे ज्यांच्या चरित्रावरून उत्तम कळते, अशा एका महापुरुषाची ओळख ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या कुटुंबांतील मुलामुलींस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे आपल्या ज्ञातीचे नव्हते, आपल्या भागातलेही नव्हते. परंतु सद्गुणास जात नसते, आणि ज्याच्यापासून घेण्यासारखे आहे त्यास आपला म्हणण्यात आपलाच लाभ असतो.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कृष्णा व पंचगंगा ह्यांच्या संगमाजवळचे हे गाव त्या काळी पटवर्धनांच्या एका लहान संस्थानाची राजधानी होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ; पलूस गावावरून पलुसकर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबरपंत कीर्तन करीत. त्यामुळे टाळ, मृदंग आणि अभंग हे मुलाच्या कानांवर पाळण्यापासून पडत आले. सर्व काही नीट चालले असते तर विष्णु शाळा शिकता आणि एखाद्या कचेरीत नोकरीस लागता. परंतु दैवाच्या मनात निराळेच होते. जवळच्या नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीचा उत्सव होता. तेथे शोभेची दारू उडत असता एक फटाका मुलाच्या तोंडापाशी फुटला आणि त्याच्या डोळ्यांस कायमची इजा झाली. दृष्टी अगदीच गेली नाही, तथापि पुस्तक वाचून विद्या संपादन करण्याचा मार्ग बंद झाला.

आईबापांवर कोसळलेल्या ह्या संकटाची कल्पना कोणासही करता येईल. उपचारांसाठी मुलास मिरजेस नेले. डोळे सुधारले नाहीत. परंतु गळा चांगला आहे, त्यास गाणे शिकवावे, असा विचार पुढे आला. मिरजेस त्या वेळी गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहत होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे मोठे श्रेय ह्या बुवांकडे जाते. त्यांनी स्वतः ही विद्या घरदार सोडून, पायपीट करून आणि गुरूच्या घरी कष्ट उपसून मिळविली होती. अशा गुरूच्या हाती विष्णु पडला आणि मिरज संस्थानाच्या आश्रयाने त्याचे शिक्षण सुरू झाले.

त्या काळचे गायन शिकणे म्हणजे काय होते, हे आजच्या मुलांस सांगणे अवश्य आहे. आज एखादे गीत आवडले की यंत्रावर दहा वेळा ऐकावे, पाठ करावे आणि संमेलनात म्हणावे, अशी रीत पडली आहे. गुरुगृही तसे नसे. पहाटे उठून तंबोरा जुळवावयाचा आणि खालच्या सप्तकातील स्वर लांबवीत बसावयाचे. ह्यास खर्जसाधना म्हणतात. त्यात ऐकणाऱ्यास गोड लागेल असे काहीच नसते. शेजाऱ्यांस तर त्रासच व्हावयाचा. परंतु झाडाचे मूळ जसे मातीत खाली जाते तसा आवाज त्यामुळे खाली रुजतो, आणि मगच वरच्या सप्तकात तो न फाटता जातो. त्यानंतर पलटे. तेच सात स्वर पुढून, मागून, दोन-दोन करून, तीन-तीन करून, प्रथम संथ, मग दुप्पट लयीत घोटावयाचे. चीज मिळावयाची ती पुढे, गुरूच्या मनास येईल तेव्हा. एकेका रागावर महिनेच्या महिने जात. विष्णूस वाचता येत नव्हते, त्यामुळे जे शिकावयाचे ते कानाने घ्यावयाचे आणि आवृत्तीने टिकवावयाचे, ह्याखेरीज त्यास दुसरा उपाय नव्हता. डोळ्यांचे वैगुण्य असे नेमाच्या पथ्यावर पडले. १८९६ पर्यंत, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत, हा अभ्यास चालला.

मिरजेतच आणखी एक गोष्ट घडली, असे चरित्रकार सांगतात. गावातील एका समारंभाचे निमंत्रण विष्णूस आले. परंतु त्याच्या गुरूंस आले नाही. चौकशी करता कळले की, गवयास प्रतिष्ठितांच्या पंक्तीस बोलाविण्याची चाल नाही. संस्थानाचा आश्रित म्हणून शिष्यास मान, आणि ज्याने विद्या दिली त्यास मात्र नाही! ही गोष्ट त्या तरुणाच्या मनास फार लागली. संगीतास व संगीत जाणणाऱ्यास समाजात मान मिळवून द्यावयाचा, हे त्याच्या आयुष्याचे ध्येय तेथून ठरले. ध्येय केवढे मोठे पाहा, आणि हाती साधन काय, तर एक तंबोरा आणि रोज घोटलेला गळा.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. औंध, सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर असा त्यांचा प्रवास झाला. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून सर्व लोकांसाठी जाहीर जलसा केला. तोपर्यंत उत्तम गाणे ऐकावयाचे तर राजाच्या किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यात प्रवेश हवा. साध्या दुकानदाराने किंवा शिक्षकाने चार आणे देऊन ते ऐकावे, ही कल्पनाच नवी होती. मथुरेस राहून त्यांनी व्रजभाषेचा परिचय करून घेतला आणि चंदन चौबे ह्यांच्याकडून ध्रुपदांची माहिती मिळविली. चांगले नाव झालेला गायक पुन्हा शिष्य होऊन बसतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शिकण्याचा नेम त्यांनी जलसे सुरू झाल्यावरही मोडला नाही.

फिरत फिरत ते पंजाबात गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर शहरात त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्यांना एकोणतिसावे वर्ष चालू होते. परका मुलूख, परकी भाषा, डोळ्यांनी अधू, जवळ द्रव्य नाही. आणि संगीत हे सभ्य घरच्या मुलांनी शिकावयाचे असते, हेच तेथे कोणास मान्य नव्हते. शाळा उघडली खरी; परंतु पहिले काही दिवस विद्यार्थीच येईनात. त्या दिवसांची एक आठवण त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगितली जाते. पंडितजी ठरल्या वेळी शाळा उघडीत, तंबोरा जुळवीत आणि शाळेची वेळ संपेपर्यंत रिकाम्या खोलीत स्वतःचा रियाज करीत बसत. वेळ संपली की शाळा बंद करीत. दुसरे दिवशी पुन्हा तेच. हळूहळू एकेक मुलगा येऊ लागला, आणि पुढे त्या शाळेचे नाव साऱ्या हिंदुस्थानात झाले.

आमच्या मते पंडितजींच्या चरित्राचे सार ह्या रिकाम्या खोलीत आहे. सभागृह भरलेले असता गाणे सोपे असते. टाळ्याच माणसास पुढे ढकलतात. ऐकणारा एकही नसता ठरल्या वेळी बसणे हे कठीण. ज्या दिवशी मन लागत नाही, ज्या दिवशी आपण पुढे सरकत आहो असे वाटत नाही, त्या दिवशी जो बसतो त्याचाच नेम खरा. ध्येय दूर असते, ते रोज दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे टक लावून बसण्यापेक्षा आजच्या घटकेचे काम आज करावे, ही युक्ती त्यांस साधली होती.

येथे आमच्या स्वतःच्या एका चुकीचा उल्लेख करणे आम्हांस कर्तव्य वाटते. आमच्या शिक्षकपणाच्या काळात एका वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही एका गोड गळ्याच्या मुलास पदे शिकविली. वर्षभर त्याच्या गाण्याकडे आम्ही लक्ष दिले नव्हते. संमेलन आठ दिवसांवर आले तेव्हा आमची धावपळ सुरू झाली आणि शेवटच्या दोन रात्री त्यास आम्ही उशिरापर्यंत गावयास लाविले. प्रत्यक्ष दिवशी मुलगा उभा राहिला, आणि दुसऱ्याच कडव्यास त्याचा आवाज बसला. पोरे हसली. तो खाली मान घालून उतरला आणि पुन्हा कधी गावयास उभा राहिला नाही. दोष त्याच्या गळ्याचा नव्हता, आमच्या घाईचा होता. रोज सकाळी अर्धी घटका जरी त्याच्याकडून स्वर लावून घेतले असते, तर तो मुलगा आज कदाचित आपल्या मंडईचे भूषण झाला असता. पंडितजींचे चरित्र आम्ही पुढे सवडीने वाचले, तेव्हा ही आठवण आम्हांस फार बोचली.

लाहोरच्या विद्यालयात पंडितजींनी जे केले ते गुरुगृहाच्या रीतीहून निराळे होते. घंटेप्रमाणे वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, पदवीदान, छापलेली पुस्तके, अशी सर्व व्यवस्था त्यांनी लाविली. ज्यांस स्वतःस वाचणे कठीण, त्यांनी स्वरलेखनाची पद्धती तयार करून लहान मुलांसाठी क्रमिक पुस्तके काढली, हे विशेष होय. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना होता, आणि वाद्ये दुरुस्त करण्याचे कामही विद्यार्थ्यांस शिकविले जाई. स्त्रियांसही शिकण्याची वाट त्यांनी मोकळी केली. चीजांमधील हलके शब्द काढून त्यांच्या जागी भक्तिपर शब्द घातले, म्हणजे सभ्य घरांस नाक मुरडण्यास जागा राहू नये. जलसा ठरल्या वेळीच सुरू व्हावयाचा, ह्याविषयी तर त्यांची ख्याती होती.

ह्यांखेरीज उपदेशक वर्ग नावाचा एक वर्ग त्यांनी काढला. ज्यास गाण्यासच आयुष्य वाहावयाचे असेल अशा मुलाने नऊ वर्षे राहण्याचा करार करावयाचा. अन्न, वस्त्र व विद्या ह्यांचा भार पंडितजींवर. पहाटे उठणे, व्यायाम, रियाज, शिकणे, धाकट्यांस शिकविणे, ह्यांच्या वेळा बांधलेल्या असत. ही शिस्त फार कडक होती. काही मुलांस ती सोसली नाही. नऊ वर्षांचा करार आजच्या दृष्टीने जाचक वाटेल, आणि पंडितजींचा स्वभाव करारी होता हेही खरे. चरित्रनायकाचे सर्वच अनुकरणीय असते असे आम्ही मानीत नाही. परंतु ज्यांनी तो काळ पुरा केला त्यांची नावे पाहिली म्हणजे मन थक्क होते. नर्मदातीरी भडोचला गरिबीत वाढलेले ओंकारनाथ ठाकूर १९१६ साली लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांस पुरी वीस वर्षेही झाली नव्हती. तेच पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे आचार्य झाले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, शंकरराव व्यास हे सर्व ह्याच मुशीतून निघाले. नारायण मोरेश्वर खरे हे तर महात्माजींच्या साबरमती आश्रमात गेले आणि तेथील प्रार्थनेस त्यांनी स्वर दिला. १९३० च्या दांडीयात्रेतही ते बरोबर होते.

१९०८ साली मुंबईस विद्यालयाची शाखा निघाली. पुढे तेथे स्वतःची इमारत असावी असे पंडितजींच्या मनाने घेतले आणि १९१५ च्या सुमारास सँडहर्स्ट रोडवर मोठी वास्तू उभी राहिली. परंतु ती कर्जावर उभी होती. जलसे करून पैसा आणावयाचा आणि व्याज फेडावयाचे, असे काही वर्षे चालले. खर्च वाढत गेला, कर्ज फिटेना, आणि शेवटी १९२४ च्या सुमारास धनकोंनी इमारत लिलावात काढली. इतक्या कष्टांनी उभारलेले विद्यामंदिर डोळ्यांदेखत गेले. गाण्याचा जो हिशेब पंडितजींस मात्रेपर्यंत अचूक येत होता, तो पैशाचा आला नाही, असेच म्हणावे लागते. आपल्यासारख्या मंडळांनीही ह्यातून बोध घ्यावा. इमारतीची हौस चांगली, परंतु ती ऐपतीपलीकडे जाऊ नये.

घरचेही दुःख त्यांस कमी नव्हते. त्यांची बहुतेक अपत्ये लहानपणीच गेली. उत्तर आयुष्यात त्यांचे मन रामभक्तीकडे अधिकाधिक वळले. १९२२ साली त्यांनी नाशिकास रामनाम आधार आश्रम स्थापिला. भगवी वस्त्रे धारण केली आणि रामायणावर गायनयुक्त प्रवचने करीत ते गावोगाव फिरले. आजही देशभर जी रामधून गाइली जाते, तिची प्रचलित चाल त्यांच्या नावाने ओळखली जाते.

राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांस मिळत असे. १९२३ साली काकीनाडा येथील अधिवेशनात अध्यक्षस्थानी मौलाना महंमद अली होते. धर्मात संगीत मना आहे म्हणून त्यांनी गायनास हरकत घेतली. पंडितजींनी, हे राष्ट्राचे व्यासपीठ आहे, एका धर्माचे प्रार्थनास्थळ नव्हे, असे शांतपणे निवेदन केले आणि ते गीत पूर्ण गाऊन दाखविले. हजारोंच्या सभेत असा प्रसंग उद्भवला असता ज्याचा स्वर हलत नाही, त्याचे ते धैर्य एका दिवसात आलेले नसते. लाहोरच्या रिकाम्या खोलीत जो न डगमगता गाइला, तोच काकीनाड्याच्या भरल्या सभेत न डगमगता गाइला.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजींचे देहावसान झाले. वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. ज्या गावी स्वर लावावयास शिकले त्याच गावी त्यांचा स्वर थांबला.

त्यांच्या मागे काय राहिले? इमारत नव्हती, द्रव्य नव्हते. दहा वर्षांचा एकुलता एक मुलगा होता आणि शिष्य होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिष्य अहमदाबादेस एकत्र जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. त्या मंडळाच्या परीक्षांस आज देशभर हजारो मुलेमुली बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद, अलंकार ही नावे आपल्याही घरांतील मुलांच्या तोंडी ऐकू येतात. मुलगा दत्तात्रेय ह्यास विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास ह्यांनी शिकविले. चौदाव्या वर्षी त्याने जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गाऊन जाणत्यांची वाहवा मिळविली. हेच पं. द. वि. पलुसकर. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, काळाने त्यांस नेले. परंतु त्यांच्या ध्वनिमुद्रिका अजूनही घरोघर वाजतात. भारत सरकारने १९७३ साली विष्णु दिगंबरांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. ज्या गवयास समारंभाचे निमंत्रण मिळत नव्हते, त्याच्या शिष्याचे चित्र राष्ट्राने आपल्या पत्रांवर लाविले. ध्येय सिद्धीस गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्या ज्ञातीतील तरुणांस दोन शब्द सांगून हा लेख पुरा करतो. धानाचे पऱ्हे टाकल्यावर कोणी दुसऱ्याच दिवशी लोंबी शोधावयास जात नाही. रोवणी, निंदण, बोडीचे पाणी, ही कामे ज्या त्या वेळी केली की लोंबी आपोआप येते. कलेचेही तसेच जाणावे. ज्यास गावयाचे आहे त्याने रोज एकाच वेळी, एकाच जागी बसावे. आरंभ थोडा असावा. अर्धा तास पुरे. परंतु तो चुकू नये. ज्यास नाटकात उतरावयाचे आहे त्याने रोज एक पान मोठ्याने, स्पष्ट उच्चारांनी वाचावे, शरीर कमवावे आणि आवाजास अपाय करणारी व्यसने दूर ठेवावीत. एखादे दिवशी नेम मोडलाच, तर खंत करीत न बसता दुसरे दिवशी ठरल्या वेळी पुन्हा बसावे. आपली प्रगती मंडईच्या टाळ्यांवरून मोजू नये. गेल्या वर्षी जो स्वर लागत नव्हता तो यंदा लागतो की नाही, ह्यावरून मोजावी.

आणि आईबापांसही विनंती आहे. पहाटे घरात मूल बेसूर आवाजात सा लावू लागले, तर झोपमोड झाली म्हणून त्याच्यावर ओरडू नका. आमच्यासारखे शेवटच्या आठ दिवसांत जागे होऊ नका. उजाडता उजाडता बिरसीच्या धावपट्टीवरून लहान विमान उठेल, तेव्हा आपल्या घरातील मुलामुलीही आपापल्या अभ्यासास बसलेल्या असाव्यात, एवढीच आमची इच्छा आहे. ती श्रीराम पूर्ण करो.